मधल्या खांबाच्या गोधड्या

१२ सप्टेंबर, शुक्रवार

इस्त्री तापली का बघायला हात जवळ नेला आणि एकदम ती संध्याकाळ आठवली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तापीवर त्याच्या पुलाचं काम चालू होतं. दिलीपने मी शिकवत होते त्या शाळेच्या फाटकाशी मला स्कूटरवर घेतलं आणि थेट साइटवर नेलं. आदल्या दिवशी ओतलेल्या खांबापाशी उभं करून म्हणाला, "हात लाव."

"साडीला लागेल."

"लागू दे. लाव तू."

लावला. खांब गरम होता. तापातल्या मुलाच्या पाठीसारखा. म्हणाला, सिमेंट जमताना आपलं आपणच तापतं, आपण काही करत नाही. मग वाळूच्या ढिगावर बसून आम्ही कागदातली भजी खाल्ली. बस. दुसरं काही घडलं नाही त्या संध्याकाळी. इतक्या वर्षांत तीच इतकी स्वच्छ का आठवते कोण जाणे.

दुपारी दि.चा फोन. निवृत्तीनंतर जुन्या सहकाऱ्याने सल्लागार म्हणून लडाखला बोलावलं, "एकच सीझन" म्हणून गेला, हा दुसरा चालू आहे. लेहच्या पुढे, सिंधूवर पूल. मधल्या खांबाचा पाया तेवढा अडलाय. उन्हाळ्यात बर्फ वितळतं, नदी फुगलेली, पायाला हात लावता येत नाही. पाणी उतरतं ते ऑक्टोबरात, आणि तेव्हाच थंडी पडते. काँक्रीट कोवळं असताना गोठलं तर संपलं, मागून कितीही ऊब द्या, भुसभुशीतच राहतं. म्हणून वर तंबू ठोकायचा, आत बुखाऱ्या, म्हणजे तिकडच्या शेगड्या, पेटवायच्या, गरम पाण्यात कालवायचं आणि ओतून झालं की पांघरूण घालायचं. पांघरुणांचा ट्रक दरडीत अडकून पडलाय.

"सुमन, सुरतेत रजईतलं फायबर मिळतं ना?"

"सुरतेचा असून हे विचारतोस?"

"मग मला गोधड्या शिवून दे. चांगल्या मोठ्या. खांबाला पांघरायला."

हसत होता. मीही हसले. फोन ठेवल्यावर डोळ्यांत पाणी आलं. डबा सोडला तर साइटसाठी त्याने माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं.

१५ सप्टेंबर

उधन्यात रजयांचे तीन कारखाने फिरले. सगळीकडे तेच, "दिवाळी पहेलां तो टाइम ज नथी, बेन." एकाने तर गल्ल्यावरून मान वर करून विचारलं, "पुलने पण ठंडी लागे?" आणि आतल्या पोरांना हाक मारून परत तेच सांगितलं. हसले सगळे. चहा मात्र दिला.

घरी आले तर हंसाबेन दारातच. समोरच्या फ्लॅटमध्ये राहून माझ्या घरातलं सगळं तिला माझ्याआधी कळतं. म्हणाली, गोडादऱ्यात एक मंगलबाई आहे, तुमची मराठीच. हंसाबेनच्या मुलीच्या लग्नात गोधड्या तिनेच शिवलेल्या.

१९ सप्टेंबर

मंगलबाई मूळ शिरपूरकडची. नवरा लूमवर होता, लूमच्या आवाजाने कान गेले, आता घरीच. ही आणि गल्लीतल्या दोघी-तिघी मिळून गोधड्या शिवतात. घराबाहेरच्या ओट्यावरच.

"कोणासाठी पाहिजे, ताई?"

"पुलासाठी."

ती शेजारणीकडे वळली. "हाई बाई पूलले गोधडी पांघरावस, व माय!"

पोट धरून हसल्या. मग मी सांगितलं, नवं काँक्रीट असतं ते जन्मलेल्या बाळासारखं, पहिले काही दिवस जपलं की जन्मभर उभं राहतं. मंगलबाई हसायची थांबली. "मंग असं सांगा ना. बाळंतपणाचं काम आहे." आणि लगेच हाताने वाव मोजायला बसली.

बाहेरून रेनकोटचं कापड, आत फायबरचे दोन थर. एवढं मोठं मशीनखाली जाणार नाही, जमिनीवर पसरून हातानेच घालायचे टाके. दि.ला फोनवर मापं विचारली. "खांबाचे कोपरे नीट झाकले जायला हवेत," म्हणाला. "आधी कोपरेच गारठतात."

२७ सप्टेंबर

रोज दुपारी गोडादऱ्याला जाते. मीही शिवते. टाके घालायला शिकले ते शाळेत, सिस्टरांकडे, रुमालावर. एकसारखे नसले की सिस्टर उसवायला लावायच्या. तसेच घातले.

मंगलबाई वाकून बघते. "ताई, इतला बारीक टाका घालशात तर पूल म्हातारा व्हई जाई."

आज पहिली गोधडी संपत आली. शेवटचा टाका घालायच्या आधी मंगलबाई आत गेली आणि मूठभर ज्वारी घेऊन आली. एकेक कोपरा थोडा उघडा ठेवला होता, त्यात दाणे सोडले.

"हे काय?"

"पोट. गोधडीनं पोट उपाशी नही ठेवतस. रिकाम्या पोटी ती काय ऊब दी?" तिची आई पुरणपोळीचा तुकडा ठेवायची म्हणे. इथे रोजच्या धंद्यात पोळी कुठली, म्हणून दाणे. नेहमी एकाच कोपऱ्यात. "पन हाई केवढी मोठी शे. एका कोपराना दाणास्मा काय व्हई?" म्हणून चारही.

मला इतकं आवडलं ते. माझी ओंजळ पुढे केली, शेवटच्या कोपऱ्यात मीच सोडले दाणे. हाताला थंडगार लागले.

दि.ला फोनवर सांगायचं नाही. दिवाळीला घरी आला की सांगेन, समोर बसवून. त्याचं तोंड बघायचंय.

४ ऑक्टोबर

गोधड्या गेल्या. टेम्पोत चढवताना मंगलबाईने प्रत्येक गठ्ठ्यावर थाप मारली, मुलीला सासरी धाडताना पाठीवर मारतात तशी. हमाल वैतागला, "मावशी, हटो ना."

संध्याकाळी घर फार मोठं वाटलं. बोटांना सुईची भोकं. तीच बघत बसले.

८ ऑक्टोबर

काल चंदी पडवा, सुरतकरांचा घारी खायचा दिवस. हंसाबेनने ती माव्याची घारी आणली, तुपात थिजलेली. "भाई क्यारे आवे छे?" "दिवाळी पर," मी म्हटलं. दर वर्षी ती हेच विचारते, आणि बहुतेक वर्षी माझं उत्तर खोटं ठरतं. यंदा नाही ठरायचं. पाया ओतायचा, ऊब धरेपर्यंत थांबायचं आणि परत. वचन दिलंय. यापुढे साइट नाही.

घारी खाता खाता मनात मोजत बसले, कुठे कुठे बोलावलं असेल त्याने मला. चिनाबकाठी. अरुणाचलात, जिथे त्याच्या खोलीच्या खिडकीतून म्हणे नुसती नदी दिसायची. "सुट्टीत तरी ये गं. चूल आहे, पलंग आहे, अजून काय लागतं?" मी नाही गेले. आमच्या नेहाची दहावी. मग बारावी. शाळेतले पेपर तपासायचे. सासूबाईंचं पडणं, मग अंथरूण. सगळी कारणं खरी होती, त्यामुळे त्यांच्यावर रागावताही येत नाही.

सासूबाई असेपर्यंत तो यायचा तेव्हा सगळ्यांसमोर मी "अहो" म्हणायचे आणि खोलीत "तू". चार दिवसांत "तू"ची जीभ वळेपर्यंत तो परत निघालेला असायचा.

१७ ऑक्टोबर

आज ओतकाम सुरू. सकाळी एकदाच बोलला. पाणी उतरलंय, तंबू उभा आहे, बुखाऱ्या पेटल्यात. मागून मिक्सरचा आवाज. "आता फोन नाही," म्हणाला.

आमच्या घरचा जुना नियम. ओतकाम चालू असताना घरची वाईट बातमी साइटवर जायची नाही, साइटची घरी यायची नाही. काम उरकलं की दोन्हीकडचं एकदम सांगायचं. सासरे रेल्वेच्या पुलांवर होते, सासूबाईंनी त्यांच्या वेळेपासून पाळलेला. स्वतःचं माकडहाड मोडलं तेव्हासुद्धा मला हात धरून बजावलं, "त्याचा स्लॅब व्हायचाय. कळवलंस तर बघ." मी नाही कळवलं. दहा दिवसांनी आला तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "अरे, काही नाही, जरा पडले." आणि दोघं माझ्याकडे बघून हसले, जणू मी पास झाले होते.

१८ ऑक्टोबर

फोन नाही. धनत्रयोदशी. एक पणती जास्त लावली.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

झालं! दि.चा आवाज बसलेला, पण खूश. पाया ओतून झाला, गोधड्या घातल्या. "खांब झोपलाय बघ पांघरूण घेऊन. सगळे येऊन बघून जातात. नामग्याल म्हणतो, मॅडमनी आमच्यासाठी पण एक-एक पाठवायला हवी होती." नामग्याल म्हणजे तिथला स्टोअरकीपर.

"मग कधी निघतोस?"

"थोडं थांबावं लागेल. थंडी लवकर आलीय."

थोडं म्हणजे किती ते मी विचारलं नाही. हंसाबेनच्या दाराशी फटाके चालले होते, ऐकूही येत नव्हतं नीट.

दिवाळी त्याच्याशिवाय. ज्वारीचं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

२८ ऑक्टोबर

खराब झालं.

सगळं नाही. एका बाजूचे कोपरे आणि वरचा थर. जोराचा वारा आला, त्या बाजूचा हीटर बंद पडला, पहाटेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. हातोडीने ठोकून बघितलं तर भुगा पडतोय. खराब झालेलं सगळं फोडून काढायचं आणि पुन्हा ओतायचं. डिसेंबरात जमलं तर डिसेंबरात, नाहीतर पाणी चढायच्या आत, मार्चमध्ये. तोवर तंबू आणि बुखाऱ्या राखाव्या लागतील.

"दुसरं कोणी नाही का राखायला?"

"आहेत ना. पण ओतायचं कधी ते मी म्हणालो होतो, सुमन. ऑक्टोबरातच ओता म्हणून मीच आग्रह धरला."

आवाज अगदी शांत. मला रागवायचं होतं, जमलं नाही. गोधड्यांबद्दल विचारलं. "चांगल्या आहेत," म्हणाला. लगेच म्हणाला, "ठेवतो."

म्हणजे आता सबंध हिवाळा.

१ नोव्हेंबर

काही नाही. पाऊस पडून गेल्यासारखं घर. कपाटातून त्याचे लोकरी मोजे काढले, परत ठेवले. न्यायचे विसरलाय.

३ नोव्हेंबर

सकाळी नामग्यालचा फोन. स्वतः फोन करायची त्याची पहिलीच वेळ. फार अदबीने बोलत होता. पुन्हा ओतायचं तर नव्या गोधड्या हव्यात, साहेबांनी मापं दिलीत, मॅडम बनवून देतील का.

"देईन की. पहिल्या कशा होत्या?"

"बहुत गरम थे मॅडम, एकदम बढ़िया। बस इस बार अंदर अनाज मत डलवाना। चूहे कोना-कोना काट गए। जहाँ काटा, वहीं से हवा घुसी।"

मी काही बोलले नाही. त्याला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मोठ्याने परत सांगितलं.

"हीटर बंद पडला होता ना?"

"हीटर तो घंटे-दो घंटे बंद होता रहता है मॅडम। कंबल ठीक होता तो कुछ नहीं होता।" मग जरा थांबून, "साहब ने मना किया था आपको बोलने को। पर नया बनेगा तो बोलना तो पड़ेगा न।"

मी म्हटलं, बरं केलंस. मग त्याने तेही सांगून टाकलं. कोपरे वाचवायला साहेब स्वतः तंबूत जाऊन बसले होते, स्वतःची रजाई खांबावर घालून. नंतर दोन दिवस ऑक्सिजन लावावा लागला. आता ठीक आहेत. "थोड़ी खाँसी है, बस।"

पूल बांधणाऱ्याच्या घरात एवढी वर्षं काढली मी. एवढं कळू नये? आधी कोपरेच गारठतात, हे त्याने मला सांगितलं होतं, स्वच्छ शब्दांत. आणि मी त्याच कोपऱ्यांत स्वतःच्या हाताने… वर ते गुपित म्हणून जपून ठेवलं, दिवाळीच्या फराळासारखं. त्या दिवशी फोनवर एक वाक्य बोलले असते तर तो तिथल्या तिथे म्हणाला असता, वेडाबाई, काढ ते.

त्याच्या पुलाला पहिल्यांदा माझा हात लागला. आणि हे.

५ नोव्हेंबर

गोडादऱ्याला गेले. ठरवलं होतं, कारण सांगायचं नाही, नुसतं या वेळी दाणे नकोत एवढंच म्हणायचं. मंगलबाई ऐकते कुठली.

"का बरं?"

"अशीच."

"अशीच कशी? काही झालं का पूलले?"

सांगावं लागलं. तिच्या हातातली सुई थांबली. हळूच म्हणाली, "तठला उंदीर बी उपाशीच व्हतीन, ताई." मी म्हटलं, असतील.

नव्या गोधड्या पसरल्या. कोपऱ्यापाशी आली तेव्हा तिने आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी काढली. "दाणे नको. हाई चाली का? चिंधी कोन खास?"

मला हो म्हणायचं होतं. पण उंदीर चिंध्याही ओढून नेतात, घरट्यासाठी, हे मला माहीत आहे. "नको, मंगल," मी म्हटलं. पहिल्यांदा नुसतं मंगल म्हटलं. तिने टाका ओढला, दोरा दाताने तोडला. माझ्याकडे बघितलं नाही. रिकाम्या पोटाची गोधडी तिने तिच्या आयुष्यात शिवली नसेल. ती मी तिला शिवायला लावली.

निघताना म्हणाली, "साहेबले सांगा, आम्ही मुद्दाम नही करं."

९ नोव्हेंबर

दि.शी बोलले. सगळं.

"नामग्यालने सांगितलं मला. तू हीटरचं सांगितलंस."

"हीटर बंद पडलाच होता."

"आणि ज्वारी?"

"सुमन, उंदीर ज्वारीशिवायही येतात."

"येतात. कोपरे कुरतडत नाहीत."

तेव्हा हसला. म्हणाला, एक गोधडी उलगडली तर आतून दाणे सांडले, बाकीच्यांना काही कळेना, त्याला लगेच कळलं. त्याच्या आजीच्या गोधडीतही असायचे. "मला वाटलं, हे तुझंच काम." हसता हसता खोकला आला. थांबेना. फोन कुणीतरी दुसऱ्याने धरला, मग परत त्याच्याकडे.

"ऑक्सिजन लावला होता तुला."

"ओतकाम चालू होतं. सांगायचं नसतं, तुला माहितेय."

"ते संपून किती दिवस झाले?"

"पुढचं व्हायचंय ना अजून."

पुढचं व्हायचंय. नेहमीच पुढचं व्हायचं असतं. इतक्या वर्षांत असा दिवस नव्हता की कुठे ना कुठे काही ओतायचं राहिलेलं नव्हतं. मग आम्ही दोघांनी एकमेकांना सांगितलं तरी काय? तब्येत बरी आहे. जेवलास का. पाऊस आहे का तिकडे.

म्हटलं, "मी येते तिकडे."

"वेडी आहेस का? हा काय यायचा महिना आहे? श्वास घेता येणार नाही तुला."

"तुला येतोय का?"

तर म्हणतो कसा, "इथे बायकांनी राहण्यासारखं काही नाही गं. पलंग आहे, बुखारी आहे, बस." स्वतःच काय बोलला ते त्याच्या लक्षात आलं असावं. घाईघाईने फोन ठेवला.

१२ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे, लेहला जाऊ का विचारायला. हृदयाची एक झडप जराशी गळते, ते जुनंच. त्यांनी तपासणीचा कागद बाजूला ठेवला. "मासी, मने पूछो तो ना. एकदम ना." मी म्हटलं, आणि न विचारता गेले तर? मोठा श्वास सोडून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. लेहला उतरल्यावर नुसतं पडून राहायचं, पायऱ्या नाहीत, तिथल्या डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं तरच पुढे. ओठ निळे दिसले तर त्याच दिवशी खाली. "वचन आपो." दिलं.

१४ नोव्हेंबर

नेहाचा पुण्याहून फोन. तासभर.

"बाबा हट्टी आहेत हे मला माहितेय. पण तू शहाणी होतीस ना, आई?"

"होते म्हणूनच तर कधी गेले नाही."

"मग आता काय झालं?"

काय सांगू तिला? की उन्हाळा येईपर्यंत वाट बघता येते, तशी आजवर बघितलीच, आणि दर वेळी उन्हाळा आलाही. या वेळी त्या खोकल्यामागे मला काही ऐकू आलं.

"तुम्ही दोघं मला कधीच काही धड सांगत नाही," असं म्हणून तिने फोन ठेवला. खरंच आहे. तीही याच घरात वाढली.

थोड्या वेळाने तिचाच मेसेज. दिल्लीपर्यंत सोबत येते म्हणाली.

१७ नोव्हेंबर

गोधड्या विमानाने पुढे गेल्या. या वेळी मंगलबाईने थाप मारली नाही. पण गल्लीच्या तोंडापर्यंत टेम्पोमागे चालत आली.

२० नोव्हेंबर

उद्या सकाळी निघायचं. नेहा आत झोपलीय. हे तिच्यासाठी लिहून ठेवते. तोंडी सांगायला गेले तर दोघी रडू आणि काही ठरणार नाही.

नेहा,

घराची किल्ली हंसाबेनकडे. कुंड्याही तिच्याकडे. कढीपत्त्याला ती पाणी जास्त घालते, बोलू नकोस, घालू दे. लोणच्याची मोठी बरणी तिलाच.

माझं शिलाई मशीन मंगलबाईला. आईची आठवण म्हणून कापड टाकून कोपऱ्यात ठेवशील, मला माहितेय. ते करू नकोस. परत आले तरी ते तिचंच. तिला सांग, पूल उभा राहिला की बघायला नेईन. राहिला नाही तर तिच्या दाण्यांमुळे नाही, हेही सांग. हे आधी सांग.

माझ्या कुड्या तुझ्या. बांगड्या तुला आवडत नाहीत, त्या तुझ्या नणंदेला दे, तिने एकदा हातात घालून बघितल्या होत्या.

इंग्रजीची पुस्तकं उधन्याच्या म्युनिसिपल शाळेत. त्यातली शेक्सपिअरची फाटकी प्रत टाकली तरी चालेल. नको, ती राहू दे.

घर बाबाचं. विकतो म्हणाला तर एक वर्ष थांब म्हणाव. तो घाईत चुकीचं करत नाही, पण घाई मात्र करतो.

त्याचे लोकरी मोजे माझ्या बॅगेत आहेत. माझं काही झालं तर बॅग त्याच्याकडेच जाऊ दे, तू उघडू नकोस.

आता हे नीट वाच. मी येतेय हे त्याला माहीत नाही. परवापर्यंत नव्या गोधड्या पोचतील आणि थंडी जराशी ओसरली की तो पुन्हा ओतायला घेईल, बहुतेक मी लेहला पडलेली असेन तेव्हाच. तिथे मला दम लागला, खाली पाठवलं, किंवा त्याहून काही झालं, तर त्याचं काम उरकेपर्यंत त्याला

नाही.

लगेच कळव. मिक्सर फिरत असला तरी कळव. फोन उचलला नाही तर नामग्यालला लाव, म्हणाव, साहेबांना तंबूतून बाहेर बोलव, घरून फोन आहे.